जंतुकुलूप

वेल्मार देशाच्या राजधानीतल्या औषध प्रयोगशाळेत डॉ. यशवंत हुपरीकरांनी एक गोळी काचेच्या भांड्यात टाकली. ती तळाशी जाऊन पडली आणि तशीच राहिली. कंपनीचे संचालक ऑटो लिंडर वाकून पाहत होते.

"खडू आहे की काय हा?"

"देशाबाहेर गेली तर खडूच," हुपरीकर म्हणाले. "औषधाच्या रेणूभोवती टोपी आहे. ती एकाच विकराने, म्हणजे एन्झाइमने, फुटते, आणि ते विकर आतड्यातले जंतू तयार करतात. इथलं पाणी, इथला पाव दहा वर्षं पोटात गेला की हे जंतू रुजतात. दुसऱ्या देशातल्या माणसाने गोळी घेतली तर ती जशीच्या तशी बाहेर पडेल."

"मंत्र्यांना रक्तातून वंश ओळखणारं कुलूप हवं होतं."

"ते मी बनवणार नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. माझ्या कुलपाला कातडीचा रंग कळत नाही. दहा वर्षं इथे राहिलेला कोणीही चालतो. मीसुद्धा. यात वंशवाद कुठे आला?"

"कुठेच नाही," लिंडर हसले. "शिवाय प्रत्येक देशाला वेगळं कुलूप म्हणजे प्रत्येक देशाला वेगळी किंमत. स्वस्तातली गोळी महागड्या देशात चालणारच नाही. यशवंत, भागधारक तुझा पुतळा उभारतील."

दोन वर्षांनी फुप्फुसाच्या बुरशीची साथ जगभर पसरली. तिच्यावर औषध एकच होतं, हुपरीकरांची गोळी. वेल्मारने सीमा बंद केल्या आणि पहिला साठा स्वतःकडे ठेवला.

हुपरीकरांच्या पत्नीला, वैजयंतीला, मार्चमध्ये खोकल्यातून रक्त पडलं. हुपरीकर घाबरले नाहीत. ती बावीस वर्षं इथे राहत होती, इथली नागरिक होती. इस्पितळात तिला पाच दिवस गोळ्या दिल्या. ताप उतरला नाही. सहाव्या दिवशी त्यांनी स्वतः तिच्या शौचाचा नमुना तपासला. गोळ्या न फुटता बाहेर पडल्या होत्या.

"तू इतकी वर्षं खाल्लंस तरी काय?" त्यांनी विचारलं.

"बरं सुचलं विचारायला," वैजयंती म्हणाली. तिला धाप लागत होती. "एवढे शिकलेले, आणि बायको काय जेवते ते माहीत नाही. दोन्ही वेळा दहीभात. येताना आईने दह्यात रुमाल बुडवून, वाळवून दिला होता. त्याचंच विरजण अजून चालू आहे. गडहिंग्लजचं दही हो ते! एक दिवस मोडू दिलं नाही मी."

हुपरीकरांना दही लहानपणापासून आवडत नव्हतं. आता त्यांच्या लक्षात आलं. तिच्या आतड्यात गडहिंग्लजचे जंतू इतके पक्के बसले होते की वेल्मारच्या जंतूंना जागाच मिळाली नव्हती.

त्याच दुपारी ते लिंडरांकडे गेले.

"भारताच्या कुलपाची गोळी द्या."

"ती बनवलीच नाही. तुमच्या सरकारला किंमत परवडली नाही."

"माझं सरकार हेच आहे."

"हो, हो. तसं बोलायची सवय आहे, इतकंच."

"मग टोपी आधीच फोडून देऊ."

"पोटातलं आम्ल रेणू मोडेल. सुईने दिलं तर यकृत जाईल. प्रयोगशाळेतले जंतू मुद्दाम रुजवले तरी चार महिने लागतील. तस्कर हे सगळं करून बघतील म्हणून तूच एकेक वाट बंद केलीस, यशवंत. बक्षीस घेतलंस त्याचं."

वैजयंतीकडे जेमतेम तीन आठवडे उरले होते.

गोळी न फुटलेले नव्वद हजार नागरिक निघाले. जवळजवळ सगळे बाहेरून आलेले. मंत्री दूरदर्शनवर शांतपणे बोलले. "आम्ही कोणाचा रंग पाहिला नाही. शास्त्रच सांगतं आहे की हे लोक इथे राहिले, पण इथले झाले नाहीत." या सगळ्यांचं नागरिकत्व स्थगित झालं. इस्पितळातल्या खाटा नागरिकांसाठी रिकाम्या करायच्या आणि या लोकांना बंदरावरच्या गोदामात हलवायचं, असा आदेश निघाला. घरच्यांचीही तपासणी झाली.

निकालाचा कागद घेऊन हुपरीकर वैजयंतीच्या खाटेपाशी बसले. तिने हात पुढे केला, पण त्यांनी कागद दिला नाही.

"आपण दोघं जाऊ ना बंदरावर?" तिने विचारलं. "एकटीला ठेवणार नाहीत ना?"

"माझी गोळी फुटली," ते म्हणाले. "पूर्ण फुटली. एकोणीस वर्षं कंपनीच्या कँटीनमध्ये जेवलो मी."

त्यांना वाटलं, ती रागावेल.

"बरं झालं. तुम्ही तरी वाचाल," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण तुम्ही यांचे झालात की हो. कधी झालात? मला एका शब्दाने बोलला नाहीत."

दोन शिपाई स्ट्रेचर घेऊन आले. त्यांनी हुपरीकरांच्या छातीवरचा नागरिकत्वाचा नवा बिल्ला पाहिला. एकाने अदबीने विनंती केली, "सर, आपण जरा बाजूला होता का?"

वैजयंतीला कोणी काही सांगितलं नाही. शिपायांनी तिला चादरीसकट उचललं.

हुपरीकर बाजूला झाले.