सत्तर किलोचे दोन आबा

काटा म्हणाला, सत्तर. पायऱ्या म्हणाल्या, जमणार नाही.

अकरा वर्षांची उर्वी आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, शेजारच्याच घरात राहायची. तिला हे कोडं काही केल्या सुटेना. आबा दोन महिन्यांपूर्वी अठ्ठ्याहत्तर किलोचे होते. म्हणजे आठ किलोचं ओझं अंगावरून उतरलं होतं. मग माणूस हरणासारखा पळायला नको का? आबा मात्र एकोणिसाव्या पायरीवर कठडा धरून उभे राहिले आणि परीक्षक बाईंना म्हणाले, "जरा थांबूया."

थांबून चालणार नव्हतं. आबा, म्हणजे निवृत्त शास्त्रज्ञ विश्राम पालव, यांना चंद्रावरचं बोलावणं आलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी आणि आजीने मिळून चांद्रकंपमापक (चंद्राच्या जमिनीची बारीकशी थरथरसुद्धा टिपणारं यंत्र) बनवलं होतं. यंत्र चंद्रावर गेलं आणि इमानदारीत काम करत राहिलं. आजी दोन वर्षांमागे गेली. आता यंत्रही म्हातारं झालं होतं. ते बंद करण्याआधी, ज्यांनी बनवलं त्यांनी येऊन एकदा बघावं, असं चांद्रतळावरच्या लोकांना वाटलं.

अटी दोनच होत्या. वजन सत्तर किलोच्या वर नको, आणि संकटात उपयोगी पडणारी बारा किलोची प्राणवायूची टाकी पाठीवर घेऊन चाळीस पायऱ्या चढता यायला हव्यात. दुसरी परीक्षा तीन महिन्यांनी होती. तिसरी नव्हती.

"आतली तारांची जोडणी सगळी शैलाची, तुझ्या आजीची," कुडाळला परत येताना आबा गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "ती तारा जोडायची तेव्हा मी श्वास रोखून कंदील धरायचो. वीज नेमकी तेव्हाच जायची. एकदा बघितलं असतं, इतकंच."

आबांच्या घरी आल्यावर उर्वी त्यांना घेऊन सरळ बाबलकडे गेली.

बाबल हा त्यांचा जुना यंत्रमानव. त्याला बोलायला आजीने शिकवलं होतं, त्यामुळे त्याच्या तोंडी आजीचे टोमणे जसेच्या तसे होते. आबांना ते आवडायचे आणि आवडायचे नाहीतही.

"बाबल, आबा हलके झाले तरी दमतात कसे?"

"हात द्या इकडे, शास्त्रज्ञबुवा," बाबल आबांना म्हणाला. आबांनी त्याच्या थंडगार तळव्यांवर तळवे ठेवले. बाबलने अगदी बारीक वीज सोडली, मुंगीलाही कळणार नाही इतकी. "स्नायूंत (हाडांना ओढून शरीर हलवणाऱ्या मांसात) पाणी भरपूर, त्यातून वीज सहज जाते. चरबीत ती अडखळते. त्यावरून अंदाज बांधता येतो." त्याने दोन महिन्यांपूर्वीची नोंद ताडून पाहिली. "आठ किलो गेले. त्यात चार किलो चरबी. उरलेले जवळजवळ सगळे स्नायू."

"काटो खोटा बोलणा नाय," आबा पुटपुटले.

"खोटं नाही बोलत. अर्धंच बोलतो. एकूण किती ते सांगतो, काय गेलं ते नाही."

मग बाबलने उर्वीला पडवीत नेलं. आबाही मागोमाग आले. तिथे आजीच्या वेळेपासून लाकडं रचून ठेवायची सवय होती. चूल कधीच गेली होती, सवय राहिली होती.

"समज, शरीर म्हणजे घर. चरबी म्हणजे ही साठवलेली लाकडं. खाणं कमी पडलं की शरीर ती जाळतं. ते चांगलंच. पण तुझे आबा जेवत काय होते?"

उर्वीने बोटांवर मोजलं. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. तेव्हा वाटीभर साबुदाणा. बाकीच्या दिवशी पेज आणि लोणचं.

"म्हणजे प्रथिनं (डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, दूध यांत असणारं शरीर बांधायचं सामान) जवळजवळ नाहीत. आणि दिवसभर आरामखुर्ची. शरीर मोठं काटकसरी असतं गो. ते बघतं, छताचे वासे कोणी वापरत नाही, दुरुस्तीला सामानही येत नाही. मग लाकडांबरोबर वासेही चुलीत घालतं."

"वासे म्हणजे स्नायू," उर्वी हळूच म्हणाली. मग थोडा विचार करून, "पण वाशांवर रोज भार टाकला तर? तर शरीराला कळेल ना, की हे लागतात?"

बाबलने आबांकडे मान वळवली. "ऐकलंत? आणि म्हणे शास्त्रज्ञ तुम्ही."

आबा ओशाळले. "शैला असती तर हे उपास चालूच दिले नसते तिने," ते म्हणाले. "वजन उतरवायचं निमित्त झालं. खरं तर एकट्यासाठी काय रांधायचं, म्हणून धरले होते. देवाला उगाच मधे घेतलं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून सगळं ठरलं. भात थोडा कमी, पण उपाशी राहायचं नाही. जेवणात रोज कुळथाची पिठी, नाहीतर चवळीची उसळ, कधी अंडी, कधी बांगडा, वर ताक. पहिल्या दिवशी पिठीला लसणीची फोडणी बसली आणि आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसतेच उभे राहिले. दोन वर्षांत त्या घरात तो वास आला नव्हता.

एक दिवसाआड व्यायाम. खुर्चीतून उठायचं, बसायचं. भिंतीला हात टेकून रेटायचं. आणि कळशी उचलायची. पहिल्या आठवड्यात कळशीत पाच लिटर पाणी, म्हणजे पाच किलो. पुढे दर आठवड्याला एक लिटर जास्त.

"रोज का नाही?" उर्वीने विचारलं.

"उचलताना स्नायूंवर ताण पडतो. विश्रांतीत आणि झोपेत ते बांधले जातात. गवंड्याला वेळ नको?"

सहा आठवडे झाले. काटा सत्तरवरच. आबा खट्टू झाले. "इतकं करून काट्यावर फरक नाही."

उर्वी हसली. "आबा, तुमची पँट बघा." ती दोरीने बांधावी लागत होती. कळशीत दहा लिटर पाणी होतं आणि ती आबांच्या हातातच होती. बोलण्याच्या नादात त्यांना तिचा विसर पडला होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाबलने पुन्हा तळवे पुढे केले. दोन किलो चरबी कमी, जवळपास तेवढेच स्नायू जास्त. तेच सत्तर किलो, पण आबा दुसरे.

एकोणिसाव्या पायरीवर आबा थांबले नाहीत. तिसाव्या पायरीवर त्यांचा श्वास खालपर्यंत ऐकू आला. उर्वीने डोळे मिटले. उघडले तेव्हा आबा वर होते, टाकीसकट, आणि परीक्षक बाई त्यांना पाणी देत होत्या.

बाई खाली आल्यावर उर्वीने विचारलं, "चंद्रावर सगळ्याचं वजन सहावा हिस्सा होतं ना? ही टाकी तिथे दोन किलोची वाटेल. मग आबांच्या शरीराला वाटेल, वासे नकोतच."

बाई चकित झाल्या. "तिथे राहणारे रोज स्प्रिंगा ओढून व्यायाम करतात. आठ दिवसांच्या पाहुण्यांना सूट आहे."

"आमच्या आबांना सूट नको."

महिन्याभराने, एका रविवारी दुपारी, चंद्रावरून आबांचा चेहरा पडद्यावर आला. यंत्राची पेटी त्यांच्यासमोर उघडी होती. ते वाकून एकेक तार बघत होते.

"बाय, जोड अजून चकचकीत आहेत," शेवटी ते म्हणाले. "काल केलेत असे."

मग त्यांनी यंत्राने टिपलेला आलेख दाखवला. सरळ रेषेवर सारख्या अंतराने बारा छोटी टेकाडं.

"चांद्रकंप?" उर्वीने विचारलं.

"माझे व्यायाम," आबा म्हणाले. "शेजारच्याच खोलीत करतो. स्प्रिंग सुटली की जमीन हलते. बंद व्हायच्या आधी यंत्राने शेवटची नोंद माझी घेतली."

"दहाव्याला ढिले पडलात," बाबल म्हणाला.

आबा हसले. हसता हसता त्यांनी पेटीचं झाकण हळूच लावलं. त्यांच्या मागे नव्या यंत्राची रिकामी चौकट उभी होती.

"आबा," उर्वी म्हणाली, "त्यातल्या तारा कोण जोडणार आहे?"

"अजून ठरलं नाही. सात-आठ वर्षं लागतील त्याला."

उर्वीने दोन्ही हात पडद्यासमोर धरले. बोटं जराही थरथरत नव्हती.