दोनशे बारावा मणी

खुरपं पाहिलं की ते निंदणाचं आहे हे कुणी सांगावं लागत नाही. प्रथिनांचंही तसंच, आकार कळला की काम कळतं. वर्ध्याच्या आमच्या प्रयोगशाळेत हेच चालतं. हिंगणघाटजवळच्या एका घरात तीन पिढ्यांचे पाय ऐन विशीत लुळे पडत होते. बिघडलेलं प्रथिन सापडलं होतं, पण ते शरीरात करतं काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या घरी सहा वर्षं रक्ताच्या नळ्या घेऊन मी गेले. आणि उत्तराजवळ पोचली वर्षाली, आर्वीहून परवा आलेली पोर. आयत्या बिळावर नागोबा! माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू?

ती आजारी आणि निरोगी माणसांच्या प्रथिनांचे आकार ताडून पाहत होती. सोमवारी ती जेवायला गेल्यावर मी त्याच घरातल्या निरोगी मयुरीची संगणकावरची फाइल उघडली. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. दोनशे बारावा मणी काढून तिथे आजाऱ्यांचा टाकला. वर्षालीला फरक दिसणार नाही, ती चार दिवस डोकं धरून बसेल, एवढंच मला हवं होतं.

गुरुवारी मयुरीची आजी प्रमिलाबाई तिला पाठुंगळी घेऊन आल्या.

"सोमवारी सकाळी सायकलनं साळेत गेलती. दुपारपासून पाय उचलतच नाई. काऊन व मॅडम?"

रक्त पुन्हा तपासलं. मणी बदललेला होता. चार वर्षं गोठवलेली तिची जुनी नळी काढली. तिच्यातही.

मी घाईने फाइल पूर्ववत केली. दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाईंचा फोन आला. "पोरगी अंगणात चालून राह्यली!"

मग वर्षालीला फरक दिसला. निरोगी प्रथिनात एक खोबण होती. मज्जातंतूंना लागणारी चरबी तिच्यातून जायची. आजाऱ्यांत ती बुजलेली. शोधनिबंधावर पहिलं नाव तिचं, माझं पाचवं.

तिच्या सत्काराला पेढे वाटले. मी दोन खाल्ले, टाळ्याही वाजवल्या. आतून जळत होते.

दुपारी ती कठडा धरून जिना चढली.

"हर्षाताई, पाय जड पडून राह्यले."

निरोगी नमुन्यांत तिचंही रक्त होतं. तिला बाकावर बसवलं आणि तिच्याच खुर्चीत बसून मी तिची फाइल उघडली. दोनशे बारावा मणी बदललेला. शेवटचा बदल: आज, बारा वाजून दहा मिनिटं.

बारा दहाला मी खाली टाळ्या वाजवत होते.

पूर्ववत करायला एक बटण पुरे होतं.

मी फाइल तशीच बंद केली. तिची खुर्ची मला जरा उंच पडत होती. दांडा ओढून माझ्या मापाची करून घेतली.