चौथी खूण

बंद कर तो मोबाइल. पाहिलं आम्ही. वर्षाच्या आतली तुझी पोरगी हातांनी दूध मागते, मोठं कौतुक आहे.

"पण काका, हल्ली सगळेच शिकवतात..."

शिकवू देत. काचांची गाडी यायला तासभर आहे. तुम्ही तिघं इथे जांभया देत बसणार, त्यापेक्षा ऐका. मध्ये कुणी दात काढले तर बाहेर हाकलीन.

आपल्या या काचेच्या दुकानात पूर्वी एक कारागीर होता. काटकोन तपासायचा गुण्या सतत त्याच्या मागच्या खिशात, म्हणून आम्ही त्यालाच गुण्या म्हणायचो. हात असा, की त्याने कापलेल्या काचेच्या किनारीवरून खुशाल बोट फिरवावं. बायको नर्स. लग्नानंतर सात वर्षांनी मुलगा झाला, त्यामुळे दोघांचा सगळा जीव त्या पोरात.

त्या बायकोने कुठूनसं हे खुणांचं शिकून आणलं. पोराचे कान ठणठणीत, हाक मारली की मान वळवायचं. पण म्हणे, बोलता येण्याआधी हातांनी सांगता आलं तर पोर किरकिर करत नाही. गुण्याची आई कपाळाला हात लावायची. "अगं, बोलायला लागेल की आपोआप! नसती थेरं कशाला?" मीही गुण्याला टोमणे मारायचो. पण त्याला भारी हौस. अकरा महिन्यांच्या पोराला तीन खुणा यायच्या. मूठ उघड-मीट केली की दूध. दोन्ही हातांच्या चिमट्या एकमेकींना टेकवल्या की अजून. दोन्ही पंजे हवेत पालथे केले की संपलं. आणि घरात नियम असा, की पोराने खूण केली की मोठ्यांनी तीच खूण परत करून दाखवायची, तोंडाने शब्द म्हणायचा आणि मागेल ते लगेच द्यायचं. गुण्याच्या हातांना त्याची इतकी सवय झाली होती, की डोकं चालायच्या आधी हात चालायचे.

नोव्हेंबरची सतरा तारीख, शुक्रवार. रात्री साडेआठला मला एका घरमालकाचा फोन आला. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळी सात वाजता भाडेकरू येणार, आणि आतल्या खोलीच्या दाराची एक काच फुटलेली. त्या दाराला एकाखाली एक असे काचेचे चार खण. सगळ्यात खालचा मोकळा, जमिनीपासून वीतभर वर. पोर आरपार जाईल एवढा. आतली खोली रिकामी आणि कुलूपबंद. तिची किल्ली मालकाच्या खिशात, आणि मालक परगावी. बाहेरच्या दाराची तेवढी शेजाऱ्यांकडे ठेवलेली.

मी गुण्याला फोन केला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता जा. तो म्हणाला, "शेठ, आज हिची रात्रपाळी आहे. आई बहिणीकडे गेलीय. पोर माझ्याजवळ आहे."

"मग पोर घेऊन जा. तासाभराचं काम. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

असं बोललो मी. आता मला माझीच लाज वाटते, पण बोललो खरं.

गेला बिचारा. साडेनऊला पोचला. बाहेरच्या खोलीत एकच दिवा, भिंतींना ताजा रंग. त्याने चादर अंथरून पोराला दारासमोर बसवलं, हातात बिस्किट दिलं, पुडा आपल्याजवळ ठेवला. मग पाठ करून टेबलावर काच आखायला लागला. सोळा इंच बाय चौदा.

मागून "अं... अं..." आलं. वळून पाहतो तर पोर त्या मोकळ्या खणाकडे तोंड करून अजूनची खूण करतंय. गुण्याने तीच खूण केली, "अजून?" म्हणाला, बिस्किट दिलं आणि पुन्हा टेबलाकडे वळला. थोड्या वेळाने तेच. पुन्हा तेच. घरी दोन घास खायला नखरे करणारं पोर आज मागून मागून खातंय म्हणून बापाला आनंद. कामात वेळ कसा गेला कळलं नाही. अकरा वाजले. पुडा संपला, तेव्हा त्याने पोराकडे नीट पाहिलं. तोंडाला चुरा नाही. हाताला नाही. चादरीवर नाही.

त्याला वाटलं, खणातून आत टाकत असेल.

बरोबर वाटलं त्याला.

तेवढ्यात पोराने नवीनच खूण केली. तळवा वर, हात पुढे, आणि बोटं आपल्याकडे ओढली. ये. घरात ही कुणीही शिकवलेली नव्हती. पण बापच तो, पोराला चौथी खूण आली म्हणून हरखला. पोराशेजारी मांडी घालून बसला, दाराकडे तोंड करून. आणि सवयीने तीच खूण करून दाखवली.

"ये? ये, ये!"

केली... आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. एवढंसं पोर मनाने खूण काढत नाही. समोर कुणीतरी करतं, ते पाहून करतं.

समोर...

तू जरा इकडे सरक. दिव्यासमोरून.

खणातून दोन हात बाहेर आले. मोठ्या माणसाचे. जमिनीलगत. मनगटापर्यंत उजेडात, पुढे काळोख. दोन्ही चिमट्या जुळल्या. अजून.

"कोण आहे?" गुण्या ओरडला. हात दचकले नाहीत. थांबलेही नाहीत. त्याचा आवाज तिकडे पोचतच नव्हता. अजून. अजून. मग एक बोट उठलं. पोराकडे वळलं. पुन्हा चिमट्या.

अजून.

पोर हसलं. हात आत गेले. पोर दोन पावलं रांगलं आणि त्यांच्यामागे त्याने आपला उजवा हात घातला. खांद्यापर्यंत.

गुण्याने झेप घालून कमर धरली. ओढलं. येईना. आणखी ओढलं तर हात उखडेल. ओरडला, शिव्या दिल्या, देवाला हाका मारल्या. काही नाही. आत फक्त... कसलातरी बारीक, चुटुक चुटुक आवाज.

त्याला एकच गोष्ट कळत होती. तिकडे बोललेलं कळत नाही. खूण कळते. आणि संपलंची खूण एका हाताने होत नाही. दोन्ही हात लागतात. त्याचे दोन्ही हात पोराला धरून होते.

काय करावं त्याने? सांगा ना.

...

सोडलं त्याने. सात वर्षांनी झालेलं पोर, सोडलं. दोन्ही पंजे त्या खणासमोर धरले. पालथे केले. संपलं.

पोर बोटभर आत सरकलं.

संपलं.

डोकं चौकटीला टेकलं.

संपलं!

आवाज थांबला. पोराचा हात सैल पडला. गुण्याने पोर उचललं आणि अनवाणी पळाला. हत्यारं तिथेच. दारातून एकदा मागे पाहिलं. हात पुन्हा बाहेर आले होते. चिमट्या जुळवत होते.

रात्रभर तो पोराला छातीशी धरून इस्पितळाच्या बाकावर बसला, बायकोची रात्रपाळी संपेपर्यंत. सकाळी मला त्याचा फोन आला. आधी मी शिव्याच दिल्या, काम अर्धवट टाकलं म्हणून. त्याने सगळं सांगितलं. दुपारी मालक आला, भाडेकरूला बाहेरच थांबवून आम्ही कुलूप काढलं. खोली रिकामी. खिडकी आतून बंद. तो खण मी स्वतः फळी ठोकून बंद केला, आणि तडक गुण्याच्या घरी गेलो, माफी मागायला.

त्याची बायको पोराला मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहिल्यावर तिने पोराचे दोन्ही हात उलगडून माझ्यापुढे धरले.

उजव्या हाताची पाचही नखं कुणीतरी कापली होती. गोल, नीट, पार मुळापर्यंत. डाव्या हाताची मात्र वाढलेलीच होती.