आरशातला भाता

चुणीताई त्या दुपारी समोरच्या घरात गेली ती फक्त माप घ्यायला. गळ्यात टेप, मुठीत खडूचा तुकडा, आणि डोक्यात शिलाई मशीनवर अर्धवट राहिलेली कॉलर. चुण्या घालाव्यात तर हिनेच, असं सगळ्या गल्लीचं मत होतं, म्हणून तिला चुणीताई म्हणत. खरं नाव विचारलं तर तिच्या नवऱ्यालाही क्षणभर थांबावं लागलं असतं.

समोरचं घर चष्मेवाल्या काकांचं. काका जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांची लेक घर आवरायला आली होती आणि खोक्यांच्या गर्दीत कमरेवर हात ठेवून उभी होती. घरात अजून काचा पुसायच्या स्पिरिटचा वास होता. माणूस जातो, वास मात्र भाड्याने राहिल्यासारखा मुक्काम ठोकून असतो.

"ताई, याची खोळ शिवायचीय," लेक म्हणाली.

खिडकीजवळच्या खुर्चीत अकॉर्डियन बसलं होतं. बसलं होतं असंच म्हणायला हवं. ठेवलेल्या वस्तूची ती ढब नव्हती. काळं, चकचकीत. एका अंगाला पांढऱ्या पट्ट्या, दुसऱ्या अंगाला बारीक बटणं, मधे कापडी चुण्यांचा भाता, आणि तो मिटून ठेवणारे चामडी बंद.

टेप उलगडता उलगडता चुणीताई थांबली. "खोळ कशाला?"

"हॉटेलवाल्याला देतेय. रविवारी संध्याकाळी येईल न्यायला. भिंतीवर टांगणार म्हणतो, शोभेला."

"शोभेला? अहो, गळ्यात अडकवायची वस्तू भिंतीला टांगायची?"

"मग काय करू? बाबांच्या मंडळींना आधी विचारलं. पोस्टमन घेऊन गेला, सकाळी परत घेऊन आला. न्हावी घेऊन गेला, तो तर सकाळपर्यंतही थांबला नाही."

मंडळी म्हणजे रविवारी संध्याकाळी सलून बंद करून आत वाजवत बसणारे हौशी लोक. न्हावी ढोल वाजवायचा, पोस्टमन बासरी. ज्याच्याकडे जे नाही त्याचीच त्याला ओढ. पोस्टमनच्या पिशवीत चांदीसारख्या क्लॅरिनेटचं कात्रण होतं, घडीवर फाटलेलं. न्हाव्याला सारंगी शिकायची होती, पण त्याची बोटं म्हणजे केळीचा घड. पण काकांच्या अकॉर्डियनवर सगळ्यांचाच डोळा. अशा दोन माणसांनी ते हातात आलेलं परत करावं?

"का परत केलं?"

लेकीने खोक्याची दोरी उगाच ओढली. "पोस्टमन म्हणाला, हे आपल्याआधी श्वास घेतं. आता काय बोलायचं!"

चुणीताईने टेप लावली. उंची घेतली, रुंदी घेतली. भात्याशी बोटं आली तेव्हा चामडं कोमट लागलं. ऊन पडलं असेल, असं तिने मनाला सांगितलं. खिडकी उत्तरेची होती.

मग तिच्या तोंडून निघून गेलं. "मी वाजवलं तर?"

लेक हसली, टोचून नव्हे, दमलेली माणसं हसतात तसं. "तुम्ही? वाजवा की! रविवारी सलूनमध्ये बाबांची धून शेवटापर्यंत वाजवून दाखवा, अकॉर्डियन तुमचं. हॉटेलवाल्याला मी बघते."

शेवटापर्यंत! तिथेच तर ग्यानबाची मेख होती. त्या धुनेला शेवटच नव्हता.

काका रोज दिवेलागणीला खिडकीत बसून ती धून वाजवायचे. वळणं घेत घेत ती एका जागी यायची, भाता उघडायचा, आणि काका मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. "शेवट सापडत नाही," असं सलूनमध्ये हसत सांगायचे. समोरच्या खिडकीत मशीनवर बसलेली चुणीताई रोज बघायची. लहानपणी जत्रेतल्या एका बाईच्या गळ्यात तिने अकॉर्डियन पाहिलं होतं, तेव्हापासून तो किडा डोक्यात होता. वाद्य कुठून येणार? मग ती मशीनच्या लाकडावरच बोटं चालवायची. काकांचं बोट जिथे पडेल तिथे हिचं बोट. वर्षानुवर्षं. लाकडाला तिथे चकाकी आली होती. नवरा बस ड्रायव्हर, तो म्हणायचा, "अगं, ते टेबल एक दिवस गायला लागेल, मग मला दोष देऊ नकोस."

आणि त्या शेवटच्या संध्याकाळी तिनेच बघितलं होतं. धून त्या जागी आली. भाता उघडला, कधी नव्हे इतका उघडला. काकांचा चेहरा उजळला, एखादा हरवलेला माणूस गर्दीत दिसावा तसा. आणि भाता परत मिटलाच नाही. ती धावत गेली तेव्हा काका खुर्चीत होते आणि उघडा भाता छातीवर. नंतर घरच्यांनी हवेचं बटण दाबून तो मिटवला. ते बटण दाबलं की हवा जाते, सूर निघत नाही. काकांना सापडलेला शेवट असा फुस्सकन निघून गेला.

खोळ मापाला बसवून बघायची म्हणून अकॉर्डियन चुणीताईच्या घरी आलं. नवऱ्याने ते तिच्या खांद्यावर चढवलं, पट्टे ओढले, दोन पावलं मागे सरून बघितलं.

"शोभतंय. आता वाजव."

तिने डोळे मिटले, धून आठवली, आणि डावा हात चालू लागला. डावा! तिने दचकून बघितलं. पट्ट्या उजव्या हाताला होत्या. उजव्या हाताला काहीच ठाऊक नव्हतं. तो लाकडाच्या चमच्यासारखा पडून होता.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. समोरून बघून शिकली होती ना! काकांचा उजवा हात तिला डावीकडे दिसायचा, म्हणून इतकी वर्षं तिने डाव्या हातालाच शिकवलं होतं.

"म्हणजे एवढी वर्षं तू गाडी रिव्हर्समध्ये चालवलीस," नवरा म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू ओसरलं. "अगं, रडतेस काय... खोळ शिवून टाक आणि सोड नाद."

तिने खोळ शिवायला घेतली. उत्तम कापड काढलं. आपल्याच सवतीचा शालू शिवावा तशी मन लावून शिवली.

दुसऱ्या दिवशी नवरा ड्यूटीवर. दिवेलागण झाली होती, पण दिवा लावायचा राहून गेला होता. खोलीत मशीनची टकटक आणि कोपऱ्यात गिऱ्हाइकांसाठीचा उभा आरसा. आरशासमोरच्या स्टुलावर अकॉर्डियन.

टक्.

मशीन थांबलेलं असताना तो आवाज आला. चामडी बंदाचं बटण सुटल्याचा. मग दुसरं. टक्.

आणि मग... श्वास. लांब, सावकाश आत ओढलेला. पाण्यात बुडी मारण्याआधी माणूस घेतो तसा. चुणीताईने मान वळवली नाही. वळवता आलीच नाही. स्पिरिटचा वास मात्र आला, थंडगार, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा.

"कोण...?"

शेवटी तिने वळून बघितलंच. भाता उघडा, वाट बघणारा. पोस्टमन इथेच पळाला असणार. तिलाही दार दिसत होतं, आणि पाय दाराकडेच निघाले होते. पण रविवार डोळ्यांपुढे आला. भिंत, खिळा, आणि त्यावर मेलेल्या जनावरासारखं लटकलेलं ते अकॉर्डियन.

"काका... तुम्हीच असाल तर घाबरवू नका हं मला," ती पुटपुटली, आणि पट्टे खांद्यावर चढवले.

समोर आरसा होता. आरशात आपला उजवा हात उजव्याच अंगाला दिसतो. कपडे घालून बघणाऱ्या हजार बायका तिने त्या आरशात पाहिल्या होत्या. म्हणजे पट्ट्या उजवीकडे दिसायला हव्या होत्या.

त्या डावीकडे होत्या. जशा खिडकीतून दिसायच्या, तशाच.

चेहऱ्याकडे बघायचं धाडस तिला झालं नाही. तिने फक्त बोटांकडे बघितलं. आरशातली बोटं चालू लागली. तिचा डावा हात भाता ओढता ओढता जुन्या सवयीने वाद्याच्या कडेच्या लाकडावर तीच धून ठोकू लागला. आणि उजवा... उजव्या हाताची बोटं कोणीतरी एकेक करून पट्ट्यांवर टेकवत होतं. वाकडी झालेली चष्म्याची काडी सरळ करावी, इतक्या हलक्या हाताने. ती न दिसणारी बोटं बर्फासारखी गार. पण सूर निघाला. पहिला फाटका, दुसरा त्याहून बरा.

धून त्या जागेपर्यंत आली. भाता उघडला. आरशातले हात थांबले.

"पुढे?" तिने हळूच विचारलं. "काका, पुढचं...?"

आरशात आता तीच होती, घामेजलेली, पट्ट्या उजवीकडे.

शनिवारपर्यंत रोज दिवेलागणीला हेच. रोज उजवा हात थोडा आपला होत गेला, गार बोटं थोडी कमी लागली. आणि रोज धून तिथेच येऊन थांबली. नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. त्याने एकदा जिन्यातून ऐकलं मात्र. आत येऊन तो नुसताच उभा राहिला आणि म्हणाला, "हे टेबल नव्हे."

"शेवट नाही येत हो मला."

"उघडी चुणी तू कधी सोडतेस का? दाबतेस ना इस्त्रीने? तसंच काहीतरी कर."

रविवारी सलून भरलं होतं. समोरासमोरच्या भिंतींवर आरसे. त्यामुळे दहा माणसं आली तरी जत्रा वाटायची. न्हावी ढोल घेऊन, पोस्टमन बासरी घेऊन दाराजवळ, पळायला सोपं म्हणून. हॉटेलवाला तर खिसा चाचपत आला होता. भिंतीवर कोणता खिळा चालेल ते दाखवायला त्याने नमुनाच आणला होता.

"वहिनी, खोळ द्यायला आलात ना?" न्हाव्याने विचारलं.

"खोळ याच्या अंगात आहे," ती म्हणाली, "आधी आतला माल बघा."

हशा पिकला. ती खुर्चीत बसली, जिच्यात लोक दाढी करून घेतात त्या खुर्चीत. खोळ उतरवली, बंद सोडले. टक्, टक्. पोस्टमनचा चेहरा पांढरा पडला.

तिने वाजवायला सुरुवात केली आणि हशा विरघळून गेला. पहिलं वळण, दुसरं वळण. न्हाव्याच्या हाताने नकळत ढोलावर ताल धरला. पोस्टमन दारापासून सरकत सरकत जवळ आला, बासरी ओठांना लागली. काकांची लेक तोंडावर पदर नव्हे, दोन्ही तळवे दाबून उभी होती.

मग ती जागा आली. भाता उघडला. उघडत गेला, चुण्या ताणून पार विलग झाल्या. चुणीताईने आरशाकडे बघितलं. एका आरशात, फक्त कोपऱ्यातल्या त्या आरशात, पट्ट्या डावीकडे होत्या. यावेळी तिने मान वर करून चेहरा बघितला.

काय दिसलं ते तिने कधी सांगितलं नाही. पण ती हसली, हे सगळ्यांनी पाहिलं.

आणि तिने भाता दाबला.

जो सूर निघाला तो तिने बसवलेला नव्हता. तो खालून उठला, वर चढला, वळला, आणि दिवसभर राबून घरी आलेला माणूस उंबऱ्यावर टेकतो तसा अलगद जागेवर येऊन बसला. शेवट! असा शेवट, की ऐकल्यावर वाटावं, याशिवाय दुसरं काय असणार होतं? भाता पूर्ण मिटला. मग ढोलावर न्हाव्याने अशी थाप मारली की फळीवरच्या बाटल्या खणखणल्या. आणि सगळं सलून ओरडलं, पोस्टमन ओरडला, नवरा तर बसच्या हॉर्नसारखा ओरडला.

लेकीचे डोळे वाहत होते. "हाच... बाबांना सापडला होता तो हाच, ना?"

"त्यांचा की माझा, मलाही नाही सांगता येणार," चुणीताई म्हणाली.

"घ्या, ताई. तुमचंच आहे."

हॉटेलवाल्याने खिळा खिशात टाकला आणि पुन्हा एकदा वाजवा म्हणाला.

आता दर रविवारी चुणीताई वाजवते. उजव्या हाताने, स्वतःच्या. गार बोटं पुन्हा कधी आली नाहीत. लांबून लोक ऐकायला येतात, आणि पोस्टमन दाराजवळ बसत नाही.

फक्त एक आहे. धून त्या जागी आली, भाता उघडला, की कोपऱ्यातल्या आरशावर वाफ धरते, कोणीतरी अगदी जवळून श्वास सोडल्यासारखी. न्हावी टॉवेल घेऊन पुसायला जातो. काच कोरडी ठणठणीत असते. वाफ पुसली जात नाही, कारण ती आतल्या अंगाला असते.