बस्तीतली पाहुणी मूर्ती

"आधी विहार, मग नदी, मग आंबे!" बसमधून उतरता उतरताच प्रियदर्शनीनं फर्मान काढलं.

"आधी आंबे!" तिचा धाकटा भाऊ साईराज ओरडला. पण ताईपुढे त्याचं कधी चाललंय!

बेळगावची ही दोघं सुट्टीला सदलग्याजवळच्या आजोळी आली होती. मधली काही वर्षं येणं जमलंच नव्हतं. दूधगंगेकाठचा तिथला बौद्ध विहार त्या भागातला सगळ्यात जुना, आणि आतली काळ्या दगडाची बुद्धमूर्ती तर त्याहूनही जुनी. आजोबा, म्हणजे परशरामआप्पा, लहान असताना ती विहीर खणताना सापडली होती. विहार बांधून झाल्यावर ती बैलगाडीतून वाजतगाजत आणली.

"गाडी हिंदकळायची, म्हणून मूर्तीला मांडीवर घिऊन मी बसलतो," आप्पा दर सुट्टीत सांगायचे. "मांडीला मुंग्या आल्या, पर हललो न्हाय!" ही गोष्ट ऐकल्याशिवाय मुलांना सुट्टी लागल्यासारखं वाटायचंच नाही.

पण विहारात पाऊल टाकलं आणि दोघं थबकली. समोर चकचकीत, सोनेरी, नवीकोरी मूर्ती! आप्पा तर आतही आले नाहीत. बाहेर पायरीवरच बसून राहिले.

"मामा, जुनी मूर्ती कुठंय?"

"मागल्या महापुरात गेली," नागेंद्रमामा म्हणाले. ते विहार समितीचे सेक्रेटरी. "ही बघ की, लई भारी हाय!"

"वाहून जाताना बघितलीत तुम्ही?"

"बघितली न्हाय गं. ट्रॅक्टरात चढवलती आमी. पुढं कुणी उतरवली कुणास ठाऊक! गेलीच म्हणायची."

"शोधलीत?"

मामांना एकदम मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं!

"उद्या बुद्धपौर्णिमा. एकदा तिच्यापुढं हात जोडायचं हुतं," आप्पा पायरीवरूनच हळूच म्हणाले. "आता माझं दिवस किती ऱ्हायलेत!"

प्रियदर्शनी साईराजला घेऊन तडक शेजारच्या सौम्याकडे गेली. "सौम्या, पुरात ट्रॅक्टर कुठं जात होते गं?"

"बस्तीकडं! आमचं जैनांचं देऊळ उंचावर हाय न्हवं? सगळं गाव तिथंच हुतं." बोलता बोलता सौम्या थांबली. "अगं! बस्तीच्या मागच्या खोलीत एक पाहुणा देव हाय!"

तिघंही धावत सुटली.

बस्तीचे पुजारी भरमूअण्णा. त्यांनी खोली उघडली. कोनाड्यात एक मूर्ती मांडी घालून बसलेली, चिखलानं नखशिखांत माखलेली. पुढे दिवा मात्र तेवत होता.

"पुरात कुणीतरी अशीच चिखलानं भरलेली आणून ठेवली," अण्णा म्हणाले. "मांडी घालून बसल्यात, म्हंजे तीर्थंकरच! नदीच्या वरच्या अंगाच्या कुठल्यातरी बस्तीतलं असणार. त्या गावची माणसं आल्याबिगर पाणी लावायचं न्हाय. दुसऱ्याच्या देवाला अभिषेक आपण कसा करायचा? रोज दिवा तेवढा लावतो."

"अण्णा, ही आमची—" प्रियदर्शनी बोलू लागली.

"हात लावायचा न्हाय!"

साईराजनं ताईला चिमटा काढला आणि चेहरा अगदी साळसूद केला. "अण्णा, तुमच्या घरी पाहुणा चिखलातून आला तर त्याला पाय धुवायलाही पाणी देणार नाही?"

"देणार की!"

"मग या पाहुण्यानं काय घोडं मारलंय?"

अण्णा चपापले. मग त्यांनी आंघोळ केली, धूतवस्त्र नेसलं आणि ते स्वतःच मूर्तीवर तांब्यानं पाणी ओतू लागले. चिखल ओघळला. डाव्या खांद्यावरून उतरलेल्या चीवराच्या चुण्या दिसू लागल्या.

"अण्णा," सौम्या म्हणाली, "आपल्या तीर्थंकरांच्या अंगावर कधी वस्त्र असतंय?"

अण्णांचा तांब्या हवेतच राहिला. "आगं आई! हे तर बुद्ध भगवान!"

साईराज आप्पांना आणि मामांना घेऊन आला. आप्पांनी मूर्तीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी म्हातारा झालो," ते म्हणाले, "तू हाईस तशीच!" आणि लहान मुलासारखे रडू लागले. मुलांचेही डोळे वाहू लागले.

"आप्पा, माफ करा," अण्णांनी हात जोडले. "नीट बघितलंच न्हाय मी."

"तू दिवा लावलास, भरमू. आमी तर शोधलंसुदिक न्हाय. माफी कुणी मागायची?"

मागे उभ्या असलेल्या नागेंद्रमामांची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी मूर्ती विहारात परत आली. सगळ्या गावासमोर मामांनी कान पकडले. "आमी 'गेली' म्हणून गप बसलो. पोरांनी 'कुठं गेली?' म्हणून इचारलं. शाब्बास रं पोरांनो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. भरमूअण्णांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली, साईराजच्या जरा जोरातच!

वंदना झाली. पौर्णिमेची खीर वाढली गेली. पंगत उठली, तरी आप्पा मूर्तीसमोरून हलेनात.

"आप्पा, खीर गार होतेय," प्रियदर्शनी वाटी घेऊन त्यांच्याजवळ बसली. "खा ना आता."

"खातो गं," आप्पा म्हणाले. "आदी पोटभर बघू दे."