अनावेदक नंबर दोन

दामिनी त्या दुकानात शिरली ती काही घ्यायला नव्हे, सावलीला. पांढुर्ण्यात एप्रिलचं ऊन, सौंसरची बस डोळ्यांदेखत निघून गेलेली, हातात बापूजींच्या छातीच्या फोटोचं मोठं पाकीट... आणि नवज्योती इलेक्ट्रॉनिक्सच्या दारात एक कूलर रस्त्याकडे तोंड करून चाललेला. ती त्याच्यासमोर थांबली. दोन क्षण डोळे मिटून नुसती उभी राहिली.

“हवा फुकट आहे जी,” आतून कोणीतरी म्हणालं, “कूलरचे पैसे लागतीन.”

तिनं डोळे उघडले. काउंटरमागे सव्वीस-सत्तावीसचा पोरगा, कानामागे पेन, बाह्या दुमडलेल्या. हसणं असं की रागवायला जावं तर आपल्यालाच हसू यावं.

“मले कूलर नाही पाह्यजे.”

“मंग काय पाह्यजे? सांगा तं.”

पाहिजे होता इन्व्हर्टर. तो ती नागपूरहून आणणार होती. पण कूलरची हवा गार होती, आणि विचारणारा मनापासून विचारत होता, म्हणून तिनं सगळं सांगून टाकलं. बापूजी तिचे वडील. तीस वर्षं त्यांनी सौंसरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत काढली आणि ती धूळ छातीत बसली. आता घरी हवेतून प्राणवायू गाळून देणारी मशीन होती, नाकाला नळी होती. लाईन गेली की मशीन बंद आणि बापूजींचे ओठ निळे. उन्हाळ्यात लाईन दिवसातून चारदा जायची. अडीअडचणीला ठेवलेलं लहान सिलिंडर किती पुरणार? डॉक्टरांनी आजच बजावलं होतं. आई नव्हती, भाऊ नव्हता. सौंसरच्या बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात दामिनी लोकांचे अर्ज भरायची, त्यावर घर चालायचं.

हसणारा पोरगा हसायचा थांबला. त्यानं मागे वळून मालकाकडे, भैय्याजींकडे पाहिलं. भैय्याजींनी पेपर खाली न करता मान हलवली. पोरानं आतून इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी आणली आणि बॅटरीला मीटर लावून दाखवलं. काटा शेवटपर्यंत गेला.

“पाच तास चालते. तीन वर्षांची गारंटी.”

“कार्डावर शिक्का कुठी आहे? अन् बिल हे असं चिठ्ठीवर?”

“शिक्का मालकाच्या घरी राहून गेला. पक्कं बिल दोन दिवसांत. मी आहो ना इथं... हेमराज नाव माह्यं.”

आता गंमत पाहा. दुसऱ्यांच्या अर्जावर शिक्का नसला की त्यांना दारातून परत पाठवणारी ही मुलगी बिनशिक्क्याचं कार्ड पर्समध्ये घालून बसमध्ये बसली, आणि खिडकीतून बाहेर पाहत सौंसरपर्यंत उगाचच हसत गेली.

बॅटरी तीन आठवड्यांत बसली. पाच तास कुठले, अकरा मिनिटं. बाराव्या मिनिटाला बापूजी उशीवरून उठून बसले आणि तोंडानं हवा ओढायला लागले. दामिनीनं धावत जाऊन सिलिंडरची चावी फिरवली.

ती पांढुर्ण्याला गेली. हेमराजनं तिच्यासमोर कंपनीला फोन लावला, तक्रार लिहून घेतली, अर्धा कप चहा पाजला. चार दिवसांत माणूस येईल म्हणाला. माणूस आला नाही. ती पुन्हा गेली. दर खेपेला दुकानातलं काहीतरी कमी झालेलं असायचं. आधी फ्रिजची रांग आखूड झाली, मग टीव्हीच्या भिंतीवर नुसते खिळे उरले. भैय्याजींचं दुकान बुडत होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

“कूलर कुठी गेला?” तिसऱ्या खेपेला तिनं विचारलं.

“विकला. आता हवेचेही पैसे लागतीन.”

“मी तक्रार घेऊन आली आहो. हसाले नाही.”

“तुमी रागानं याव... पन याव. एवढंच म्हणतो.”

चौथी तक्रार फोनवर करता आली असती. पण ती बसनं गेली, पिवळा ड्रेस घालून. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा प्रकार होता हा, आणि भांडं त्यालाही दिसत होतं.

दोन दिवसांनी तो स्वतःच सौंसरला आला. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर ट्यूबनं करकचून बांधलेली एक बॅटरी. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. “कंपनीचा माणूस येईपर्यंत ही वापरा,” म्हणाला आणि जोडून दिली. त्या संध्याकाळी लाईन अडीच तास गेली. बापूजी शांत झोपून राहिले, आणि दामिनी त्यांच्या छातीचं वरखाली होणं पाहत बसली.

पुढच्या आठवड्यात ती कैरीच्या पन्ह्याची बाटली घेऊन नवज्योतीत गेली. भरदुपारी सगळ्या रस्त्याची लाईन गेलेली. शेजारच्या दुकानांत इन्व्हर्टरवर पंखे चालू, आणि विजेचं सामान विकणारं नवज्योती तेवढं अंधारात. हेमराज एका जुन्या कॅटलॉगनं वारा घेत बसला होता.

“तुमची बॅटरी खराब झाली का?”

“नाही, चांगली आहे...” तो खाली पाहत म्हणाला. “तुमच्या घरी आहे.”

दामिनीनं बाटलीच्या झाकणात पन्हं ओतलं आणि त्याच्यापुढे केलं. झाकण देताघेताना बोटं लागली. त्यानं पिऊन झाकण परत दिलं, मग ती त्याच झाकणातून प्यायली. इतकं गोड पन्हं आपण केलं नव्हतं, असं तिला वाटलं. ती त्याच्या प्रेमात होती. आता स्वतःशी नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचा माणूस खरोखरच आला. हेमराजनं पहिल्यांदा विकलेली ती मेलेली बॅटरी त्यानं उलटी केली, फडक्यानं पुसली, कोरलेला नंबर वाचला.

“ताई, हे साडेतीन वर्षांआधी कारखान्यातून निघाली. दुकानात पडल्यापडल्या मेली. विकाच्या आधी रात्रभर चार्जिंगले लावली, म्हणून मीटरवर भरेल दिसली. कार्डावर शिक्का नाही, पक्कं बिल नाही. कंपनी कारखान्याच्या तारखेपासून मोजते. गारंटी संपली.”

“विकणाऱ्याले माहीत होतं?”

“आंधळा नसन तं माहीत होतं. चिठ्ठी अन् कार्ड जपून ठेवा, ग्राहक आयोगात जा. शिक्का नाही मारला हा दुकानदाराचा दोष आहे, तुमचा नाही.”

ती तशीच पांढुर्ण्याला गेली. दुकानात आता काउंटर, दोन खुर्च्या आणि भैय्याजींचा पेपर एवढंच उरलं होतं.

“तुमाले माहीत होतं?”

हेमराजनं कानामागचं पेन काढून काउंटरवर ठेवलं. “हाव.”

“चार्जिंगले कोनं लावली होती?”

“म्या.”

“बापूजीचं सगळं सांगतलं होतं मी तुमाले. इथंच उभी राहून.”

“भैय्याजीनं मान हालवली, अन् म्या विकली... त्या दिवशी ओळख नव्हती जी आपली. ओळख झाली तं म्या—”

“ओळख नसली का माणसाले मरू द्याचं?”

भैय्याजींचा पेपर थोडा आणखी वर गेला.

“अशा किती विकल्या?”

“पाच. तुमची धरून.”

“मंग बाकी चौघायले जाऊन सांगा. मले सांगतलं तसं, तोंडावर. तोवर मले तोंड दाखवू नका.”

घरी आल्यावर तिला ती दुसरी, चांगली बॅटरी रस्त्यावर फेकून द्यावीशी वाटली. पण इथंच घोडं पेंड खात होतं. लाईन गेली की तीच बापूजींना श्वास देत होती. ज्याचं तोंड पाहायचं नाही त्याच्या उपकारावर वडील जगवायचे, याहून वाईट शिक्षा तिला माहीत नव्हती. बापूजी मात्र विचारायचे, “तो पोट्टा काहून येऊन नाही राहिला?” ती म्हणायची, कामात असन.

जूनच्या अखेरीस, सकाळी नऊच्या सुमाराला बापूजी गेले. लाईन होती, मशीन चालू होती, बॅटरी भरलेली होती. छातीच उरली नव्हती. दोष द्यायला कोणी सापडलं असतं तर दामिनीला बरं वाटलं असतं.

तेरवीनंतर चार दिवसांनी हेमराज दारात आला. खालचा ओठ फाटून सुजलेला. नवज्योतीला कुलूप लागून पंधरवडा झाला होता आणि भैय्याजींचा फोन बंद होता.

“बॅटरी घेऊन जा,” दामिनी म्हणाली. तिला आता त्याच्याकडून काहीच नको होतं.

“बॅटरीसाठी नाही आलो.” त्यानं खिशातून चार गारंटी कार्डं काढून टेबलावर ठेवली. “चौघायकडं जाऊन आलो. त्यायलेही तक्रार कराची आहे. फॉर्म तुमी भरून द्यान का?”

“ओठाले काय झालं?”

“बोरगावच्या मास्तरनं मारलं. जामसांवलीच्या रस्त्यावर एक बाई आहे, पिठाची चक्की चालवते. तिनं आधी पाणी देल्लं, मंग ऐकून हाकललं.”

“पाणी पेले?”

“नाही.”

दामिनी उठली, त्याला पाणी दिलं, आणि तो पिईपर्यंत समोर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या दुकानात येऊन बसला. तिनं पाच तक्रारी भरल्या. कागद हिंदीत, ज्याच्याविरुद्ध तक्रार, तो अनावेदक. नंबर एकला तिनं भैय्याजींचं नाव टाकलं आणि थांबली.

“तुमाले साक्षीदार लिहिते.”

“साक्षीदार तो, जो बाजूनं पाह्यते. म्या पाह्यलं नाही, म्या विकलं. नंबर दोनले माह्यं नाव लिहा.”

“उद्या कोनी नोकरी नाही देनार.”

“आजही कोनी देऊन नाही राहिलं. लिहा.”

“वडिलाचं नाव?”

“देवीदास.”

हा प्रश्न ती दिवसातून पन्नास जणांना विचारायची. पण हा चार अक्षरांचा मधला रकाना भरताना तिची बोटं दोनदा चुकली.

सुनावणी ऑगस्टमध्ये, छिंदवाड्याला. पांढुर्ण्याहून आलेली बस सौंसरला थांबली तेव्हा खिडकीजवळच्या सीटवर एक दुपट्टा टाकून अनावेदक नंबर दोन शेजारी बसला होता. तक्रारदार येऊन त्या सीटवर बसली. घाटात पाऊस लागला. खिडकीची काच बसत नव्हती, त्यानं दुपट्ट्यानं फट बुजवली.

“मले अजून एक गोष्ट सांगाची होती...” रामाकोना गाव मागे पडल्यावर तो म्हणाला.

“आधी आयोगापुढची सांगा. मंग हे ऐकते.”

आयोगात पुकारा झाला. नंबर एक गैरहजर. नंबर दोन उभा राहिला, वकील नाही, कागद नाही. बॅटरी कधीची होती, चार्जिंगला कोणी लावली, त्या दिवशी दामिनीनं त्याला काय काय सांगितलं होतं, सगळं बोलला. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, कोणाच्या दबावाखाली बोलताय का?

“नाही जी,” तो म्हणाला. “उशिरा बोलून राहिलो.”

बाहेर पायऱ्यांवर पाऊस थांबायची वाट पाहत दोघं उभे राहिले.

“आता बोला,” दामिनी म्हणाली.

“आता बोललो तं तुमाले वाटन, पोट्टा पुन्हा काही विकून राहिला.”

“मंग विकू नका. नुसतं सांगा.”

“मले तुमी लय आवडता,” तो पावसाकडे पाहत म्हणाला. “पन तुमच्या बापूजीच्या श्वासाचं खोटं सांगून म्या बॅटरी विकली... हे मी ज्या दिवशी विसरन, त्या दिवशी मले घरातून हाकलून द्या.”

दामिनीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेरवीतही ती अशी रडली नव्हती. तो घाबरून दुपट्टा शोधायला लागला, तो बसमध्येच राहिला होता.

“विसरू नाही देनार मी,” ती हातानंच डोळे पुसत म्हणाली. “ते माह्यावर सोडा.”

पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. निकाल कधी लागेल, भैय्याजी सापडतील की नाही, कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि लागला तरी बापूजी काही परत येणार नव्हते. पण त्या तारखेला दोघांनाही हजर राहावं लागणार होतं. दामिनीला आनंद झाला, आणि बापूजी गेल्यापासून पहिल्यांदाच तिला आनंदाची लाज वाटली नाही.