आत्याच्या पेशी

मे महिन्यातली दुपार होती. कॉलेजला सुट्ट्या लागलेल्या, प्रयोगशाळेत मी एकटीच. मयुराच्या पेशींचं मीडियम, म्हणजे त्यांचं ते गुलाबी अन्न, बदलायला आले होते.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आम्हा दोघींचा प्रकल्प एकच : माणसाच्या कातडीच्या पेशी म्हाताऱ्या कशा होतात. कातडी मयुराच्या आत्याची. दंडावरची गाठ काढली तेव्हा वच्छलाआत्यांनी आपणहून तुकडा दिला होता.

चार दिवसांपूर्वी आत्या त्यांच्या गावी, कोराडीला वारल्या तेव्हा मयुरा इथेच होती. त्यांचा मुलगा ऋषिकेश सकाळपासून फोन करत होता. "आई तुलेच बोलावून राहिली, ये ना वं."

"पेशींचं आटोपून येते, दादा," ती म्हणत राहिली. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मी इन्क्युबेटरच्या उबदार पेटीतून पेशींची बाटली बाहेर काढली, तोच दार वाजलं. सुती लुगड्यातली एक बाई आत आली. ओल्या राखेचा वास आला.

"मयुरा हाय काय?"

"नाही. कोराडीला गेलीय."

"कोराडीले?" बाई हळूच म्हणाली. "आता काहून गेली...?"

मला वाटलं, नात्यातली असेल, बातमी कळली नसेल. ती टेबलाशी आली. बाटलीकडे बराच वेळ बघत राहिली.

"याहीच्याजवळ बसे काय ती... दिवसभर?"

मी मान हलवली. बाटली ठेवून वळले, तर खोलीत कोणी नव्हतं.

मयुरा परतल्यावर मी त्या बाईबद्दल सांगितलं.  बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ती वाकली आणि तशीच राहिली.

"सोनिका... पाहा."

कित्येक आठवडे त्या पेशी थकून, पसरून पडल्या होत्या. एकही वाढत नव्हती. आता बाटलीचा तळ गच्च भरला होता. लांबट, कोवळ्या पेशी, एकमेकींना बिलगलेल्या.

"मी इथं यांना जगवत बसली," मयुरा पुटपुटली, "अन् तिथं तिच्या हाताला माझा हात नव्हता."

मग तिनेच बाटलीत पेशी मारणारं ब्लीच ओतलं. गुलाबी रंग बघता बघता उडाला. "माफ कर वं आत्या," म्हणत ती हमसून रडली. मी इन्क्युबेटर बंद केला, बाटली टेबलावरच राहू दिली, एसी तसाच चालू ठेवला आणि तिला घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी धुवायला म्हणून तिने ती बाटली उचलली आणि एकदम थबकली. मग माझ्या हातात दिली.

खोली गारठलेली होती. बाटली मात्र कोमट होती... ताप उतरल्यावर माणसाचा तळवा असतो, तशी.